येऊं घातलेल्या फोनची आवई

‘बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण मराठी घरांत कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं. तुरी अजून दुकानदाराच्या पोत्यांत आहेत. त्या घरीं आलेल्या नाहींत, चुलीवर चढलेल्या नाहींत. आणि तरीहि त्यांचें वरण घट्ट असावें कीं पातळ यावरून नवराबायकोंत रण माजलें आहे! म्हण जुनी आहे, परंतु तिच्यांतील भट आणि भटीण अद्याप हयात आहेत. भाद्रपद जवळ येऊं लागला, गणपतीची आरास कोणती करावी याची चर्चा घरोघर सुरू झाली, कीं तिच्याच जोडीला दुसरी एक चर्चा सुरू होते. सप्टेंबरांत नवा फोन येणार आहे. त्याचा कॅमेरा म्हणे असा असेल. त्याची बॅटरी म्हणे दोन दिवस पुरेल. किंमत म्हणे यंदा उतरणार. वडिलांचा जुना फोन दुपारपर्यंतहि दम धरीत नाहीं. परंतु चिरंजीव त्यांना बजावतात कीं, आतां घाई करूं नका, महिनाभर थांबा. महिन्याचे दोन महिने होतात. वडील खिशांत चार्जर घेऊन हिंडतात, आणि फोन बाजारांतच असतो.

ज्या वस्तूला कोणीं हात लावलेला नाहीं तिच्याविषयीं इतकी खात्रीची माहिती येते कोठून? ती सारीच बाष्कळ म्हणावी, तर तिच्यांतील पुष्कळशी पुढें खरी ठरते. ती विश्वसनीय म्हणावी, तर ऐन महत्त्वाच्या गोष्टींतच ती दगा देते. या वावड्यांत खरें कोणतें आणि खोटें कोणतें, खरें असेल तें कां खरें ठरतें, आणि या वाट पाहण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगे आहेत.

या प्रकाराचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेंतील ॲपल कंपनीच्या फोनचा आहे. ही कंपनी मूळची संगणक करणारी. २००१ सालीं तिनें आयपॉड नांवाचें गाणीं ऐकण्याचें छोटें यंत्र काढलें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, ही मंडळी उद्यां फोनहि काढतील, असें लोक आपण होऊनच बोलूं लागले. सप्टेंबर २००५ मध्यें मोटोरोला कंपनीचा रॉकर नांवाचा फोन बाहेर पडला. त्यांत ॲपलची गाण्यांची व्यवस्था होती. परंतु शंभराहून अधिक गाणीं त्यांत राहत नसत. लोकांची निराशा झाली, आणि निराशेंतूनच पुढची आवई अधिक जोरानें उठली: आतां ॲपल स्वतःचाच फोन करणार.

त्याचें नांवहि लोकांनीं परस्पर ठरवून टाकलें होतें. १८ डिसेंबर २००६ रोजीं ‘आयफोन’ नांवाची वस्तु खरोखरच जाहीर झाली. मात्र ती ॲपलची नव्हती. सिस्को कंपनीच्या लिंक्सिस या शाखेनें इंटरनेटवरून बोलण्यासाठीं काढलेलें तें साधन होतें, आणि नांवाचा हक्क सिस्कोपाशीं होता. तीनच आठवड्यांनीं, ९ जानेवारी २००७ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्ज यांनीं ॲपलचा आयफोन जगापुढें ठेवला. दुसऱ्याच दिवशीं सिस्कोनें नांवाबद्दल दावा लावला; फेब्रुवारींत तो आपसांत मिटला. अशा रीतीनें नांवाची आवई अक्षरशः खरी ठरली.

रूपाची मात्र ठरली नाहीं. लोकांनीं रंगविलेल्या कल्पनाचित्रांतून बहुधा आयपॉडवरील गोल चक्रच दिसत असे. जॉब्ज यांनीं आपल्या भाषणांत प्रथम थट्टेनें एक चित्र दाखविलें: आयपॉडवर जुन्या टेलिफोनची आंकड्यांची तबकडी बसविलेली! सभागृहांत हंशा पिकला. मग खरा फोन पुढें आला. त्याला तबकडी नव्हती, चक्र नव्हतें, आंकड्यांच्या कळाहि नव्हत्या. दर्शनी बाजूस जवळजवळ सारी एक कांच होती. लोकांच्या कल्पनेला टेकण्यास प्रत्यक्ष वस्तूचा आधार नव्हता. म्हणून ती ओळखीच्या वस्तूवरच जाऊन टेकली होती. आधाराचा धागा तुटला कीं माणूस भविष्यकाळहि भूतकाळाच्या सांच्यांतच ओततो, हें त्या दिवशीं दिसून आलें.

त्याच भाषणांत आणखी एक गोष्ट उघड झाली. फोन विक्रीस येण्यास अद्याप सुमारें सहा महिने अवकाश होता. तो प्रत्यक्षांत २९ जून २००७ रोजीं दुकानांत आला. इतक्या अगोदर तो दाखविण्याचें कारण जॉब्ज यांनींच सांगितलें. अमेरिकेंत बिनतारी लहरींवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला सरकारी दळणवळण आयोगाची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या कामाचे कागद लोकांस पाहावयास मिळतात. सरकारी दप्तरानें आपला फोन प्रसिद्ध करावा यापेक्षां आपणच तो केलेला बरा, असा त्यांचा हिशेब होता. गुप्ततेबद्दल ज्या कंपनीची ख्याति, तिच्या प्रमुखानेंच गुप्ततेची मर्यादा अशी भर सभेंत मान्य केली होती.

ही मर्यादा कां पडते, तें फोनच्या घडणीकडे पाहिलें असतां कळतें. षट्कर्णी झालेली गोष्ट गुप्त राहत नाहीं, असें जुनें लोक म्हणत. नव्या फोनची गोष्ट सहा कानांवर थांबत नाहीं. ती हजारों कानांवर आणि हजारों हातांतून जाते. आयफोनचेच उदाहरण घ्यावें. त्याचे पडदे मुख्यतः दक्षिण कोरियांतील कंपन्यांकडून येतात. कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा भाग जपानच्या सोनी कंपनीकडून येतो. मेंदूचें काम करणारी चीप तैवानमध्यें घडते. आणि हे सारे भाग चीनमधील झेंगझौ किंवा तामिळनाडूंतील श्रीपेरुंबुदूर अशा ठिकाणच्या कारखान्यांत एकत्र जुळविले जातात. विक्रीच्या पहिल्या दिवशीं निरनिराळ्या देशांत मिळून लाखों फोन तयार असावे लागतात. ते कांहीं आदल्या रात्रीं होत नाहींत. सांचे महिनोगणती अगोदर पाडावे लागतात, भागांच्या मागण्या नोंदवाव्या लागतात, कामगार शिकवून तयार करावे लागतात. त्यांतील एखाद्यानें सुट्या भागाचें छायाचित्र काढलें, एखाद्या पुरवठादारानें गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या माणसापाशीं मागणीचा आंकडा बोलून दाखविला, कीं बातमी फुटली.

याशिवाय फोनच्या अंगाखांद्यावर जगणारे दुसरेहि धंदे आहेत. फोनचें कव्हर करणाऱ्याला फोनबरोबरच आपला माल दुकानांत मांडावयाचा असतो. त्याला कॅमेऱ्याचें भोंक कोठें पाडावें हें अगोदर कळल्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून तो मापें मिळवितो, विकत घेतो, प्रसंगीं अंदाजानें ठरवितो. सरकारी नोंदींची वाट तर निरनिराळ्या देशांत खुलीच आहे. भारतांत मोबाईल विकावयाचा तर भारतीय मानक ब्युरोकडे त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्या यादींत एखादा अनोळखी क्रमांक दिसला कीं कोणत्या कंपनीचा नवा फोन जवळ आला याचा तर्क जाणते लोक लगेच बांधतात.

बातमी फुटण्याचे याहून चमत्कारिक प्रकारहि घडले आहेत. मार्च २०१० मध्यें कॅलिफोर्नियांतील रेडवुड सिटी येथें एका मद्यगृहांत ॲपलच्या एका अभियंत्याकडून एक फोन विसरला गेला. वरून तो जुन्याच आयफोनसारखा दिसत होता. पण तें नुसतें कव्हर होतें. आंत अजून जाहीर न झालेला चौथा आयफोन लपविलेला होता. ज्याला तो सांपडला त्याच्याकडून गिझमोडो या वृत्तस्थळानें ५ हजार डॉलर देऊन तो मिळविला आणि १९ एप्रिल रोजीं त्याचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. ७ जूनला ॲपलनें तो फोन रीतसर जाहीर केला, तेव्हां त्याचें रूप जगाला पाठ झालेलें होतें. २०१७ सालीं तर फितुरी कोणा माणसाकडून झालीच नाहीं. ती झाली खुद्द कंपनीच्या हातून. होमपॉड नांवाच्या ध्वनियंत्रासाठीं ॲपलनें जी आज्ञावली खुली केली, तिच्यांत येऊं घातलेल्या आयफोनची बाह्याकृति आणि चेहरा ओळखून कुलूप उघडण्याची सोय यांच्या खुणा राहून गेल्या होत्या. सप्टेंबरांत तो फोन जाहीर झाला, आणि त्या खुणा खऱ्या ठरल्या. गूगल कंपनीनें १२ जून २०१९ रोजीं याहि पुढचें पाऊल टाकलें. तिच्या पिक्सेल ४ या फोनचीं चित्रें बाहेर फुटूं लागलीं होतीं. तेव्हां तिनें आपल्या फोनच्या पाठीमागील बाजूचें चित्र स्वतःच प्रसिद्ध करून टाकलें; फोन त्यानंतर चार महिन्यांनीं, ऑक्टोबरांत, जाहीर झाला.

येथवरचीं उदाहरणें पाहून कोणी म्हणेल कीं, मग आवईवर विश्वास ठेवावयास हरकत कोणती? २०११ सालची हकीकत ही शंका दूर करील.

त्या वर्षीं साऱ्या जगाला ‘आयफोन ५’ हवा होता. त्याचा पडदा मोठा असेल, तो एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा असेल, असें इतक्या मुखांनीं सांगितलें गेलें कीं, कव्हर करणाऱ्या कित्येकांनीं त्या मापाचीं कव्हरेंहि करून ठेवलीं. कव्हर दिसूं लागल्यावर फोनविषयीं संशय घेण्याचें कारणच उरलें नाहीं. आवईवरून कव्हर झालें, आणि कव्हरावरून आवई पक्की झाली. दोघांनीं एकमेकांची साक्ष काढली, पण मूळ वस्तु मात्र कोणींच पाहिलेली नव्हती. ४ ऑक्टोबर २०११ रोजीं ॲपलनें जो फोन जाहीर केला त्याचें नांव होतें ‘आयफोन ४एस’. पडदा पूर्वीचाच, बाह्यरूप पूर्वीचेंच. आंतील चीप, कॅमेरा आणि बोललेल्या आज्ञा ऐकणारी ‘सिरी’ हें नवें. वृत्तपत्रांतून निराशेचा एकच सूर उमटला. आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे: विक्रीच्या पहिल्या तीन दिवसांत त्या ‘निराशाजनक’ फोनचे ४० लाखांहून अधिक नग खपले. वस्तु वाईट नव्हती. लोकांनीं तिची तुलना आदल्या वर्षीच्या फोनशीं केली नाहीं. जो फोन कधीं जन्मासच आला नाहीं त्याच्याशीं केली. मोठ्या पडद्याचा आयफोन ५ पुढच्या वर्षीं, सप्टेंबर २०१२ मध्यें आला; पण तोहि थेंबाच्या आकाराचा नव्हताच.

या खऱ्याखोट्याच्या गोंधळांतून एक सूत्र निघतें आणि तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जी गोष्ट फोन विकण्यापूर्वी प्रत्यक्ष घडवावीच लागते, ती फुटते आणि बहुधा खरी फुटते. आकार, पडद्याचें माप, कॅमेऱ्यांची संख्या, भोंकांच्या जागा या गोष्टी धातूंत आणि कांचेंत उतरल्याशिवाय फोन होत नाहीं. म्हणून त्या झांकून ठेवणें दुर्घट. उलट जी गोष्ट मूठभर माणसें बंद खोलींत ठरवितात आणि शेवटच्या क्षणापर्यंत बदलूं शकतात, तिच्याविषयींची आवई फार जपून ऐकावी. किंमत, विक्रीची नेमकी तारीख, आणि आंत असलेल्या यंत्रणेपैकीं कोणती कधीं सुरू करावयाची याचा निर्णय, या त्या गोष्टी होत. त्यांना सांचा लागत नाहीं. एक वाक्य पुरतें.

किंमतीचा अनुभव याची साक्ष देतो. जानेवारी २०१० मध्यें ॲपलनें आयपॅड दाखविला, तेव्हां त्याची किंमत हजार डॉलरच्या घरांत असेल असा जाणत्यांचा बोलबाला होता. जॉब्ज यांनीं पाठीमागील पडद्यावर मुद्दाम ९९९ हा आंकडा झळकूं दिला, आणि मग तो खालीं पाडून ४९९ हा आंकडा दाखविला. भारतांतील लोकांना याच्या उलट अनुभव आधींच येऊन गेला होता. २००८ सालीं अमेरिकेंत आयफोन ३जी १९९ डॉलरला जाहीर झाला. त्या वेळच्या दरानें ते सुमारें साडेआठ हजार रुपये होत. मुंबई-पुण्याच्या होतकरू तरुणांनीं तो हिशेब मनाशीं करून ठेवला. २२ ऑगस्ट २००८ रोजीं तो फोन एअरटेल व व्होडाफोन यांच्या मार्फत भारतांत आला, तेव्हां ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१ हजार रुपये! अमेरिकेंतील आंकड्यामागें टेलिफोन कंपनीशीं दोन वर्षें बांधून घेण्याचा करार होता, आणि फोनच्या किंमतीचा मोठा भाग ती कंपनी उचलीत होती, ही गोष्ट आवईबरोबर समुद्रापलीकडून आलीच नाहीं. किंमतीचा तर्क कधींच बरोबर ठरत नाहीं असें मात्र नाहीं. २०१७ च्या आयफोन एक्सची किंमत हजार डॉलरच्या आसपास असेल हें भाकीत ९९९ या आंकड्यानें खरें केलें. पण एकाच तऱ्हेचा तर्क एकदां निम्म्यानें चुकतो आणि एकदां डॉलरभरानेंच चुकतो, तेव्हां त्यावर घरचें अंदाजपत्रक बांधणें शहाणपणाचें नव्हे.

यंत्रणेचेंहि तसेंच. २०२१ च्या सप्टेंबरापूर्वी अशी बातमी पसरली कीं, त्या वर्षीच्या आयफोनवरून मोबाईलचें जाळें नसलेल्या रानावनांतूनहि उपग्रहाच्या द्वारें बोलतां येईल. तो फोन आला. उपग्रहाचें नांवहि निघालें नाहीं. पुढील वर्षीच्या आयफोन १४ मध्यें ती सोय आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें प्रथम अमेरिका व कॅनडा या देशांत सुरू झाली. तीहि गप्पा मारण्यासाठीं नव्हे, तर संकटांत सांपडलेल्या माणसाला मदतीचा संदेश धाडण्यासाठीं. आवईचें मूळ निराधार नव्हतें. पण काळ चुकला, आणि कामहि ऐकणाऱ्यांनीं समजून घेतलें त्याहून मर्यादित निघालें.

तारखेच्या आवईनें तर एकदां मोठाच अनर्थ होऊं घातला होता. १६ मे २००७ रोजीं ॲपलच्या नोकरांना कंपनीच्या आंतून आल्यासारखें दिसणारें एक पत्र मिळालें: आयफोन जूनऐवजीं ऑक्टोबरांत येईल. तें पत्र बनावट होतें. परंतु एनगॅजेट या वृत्तस्थळानें तें खरें मानून छापलें, आणि कांहीं मिनिटांतच ॲपलच्या भागांचें मूल्य सुमारें ४ अब्ज डॉलरांनीं घसरलें. खुलासा होतांच भाव सांवरला. परंतु मधल्या त्या मिनिटांत ज्यांनीं घाबरून आपले भाग विकले, त्यांचें नुकसान खुलाशानें भरून निघालें नाहीं. कानांत आणि डोळ्यांत चार बोटांचें अंतर असतें, असें वडीलधारे सांगत आले. त्या दिवशीं त्या चार बोटांची किंमत ४ अब्ज डॉलर झाली.

यावरून दिसेल कीं, आवई ही केवळ रिकामपणची करमणूक नाहीं. तिच्यांत कोणाचें तरी पोट आणि कोणाचा तरी पैसा गुंतलेला असतो. सर्वांत मोठा परिणाम होतो तो आज दुकानांत असलेल्या वस्तूवर. उद्यां अधिक चांगली वस्तु येणार असें कळलें, कीं आजची घेण्यास हात धजत नाहीं. संगणकाच्या धंद्यांत या प्रकाराला ऑस्बोर्न यांचें नांव चिकटलें आहे. ॲडम ऑस्बोर्न यांचें बालपण तामिळनाडूंत गेलें होतें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं १९८१ सालीं हातांतून वाहून नेतां येणारा संगणक काढून मोठें नांव मिळविलें. पुढचा संगणक हातीं येण्यापूर्वीच त्याची वाच्यता झाली, गिऱ्हाईक थांबलें, जुना माल पडून राहिला, आणि सप्टेंबर १९८३ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. त्या दिवाळ्याला इतरहि कारणें होतीं असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तथापि थांबलेल्या गिऱ्हाइकाची भीति तेव्हांपासून या धंद्याच्या मनांत घर करून बसली. ती भीति अनाठायीं नाहीं. २०१७ च्या जानेवारी ते मार्च या तिमाहींत ॲपलचे सुमारें ५ कोटी ८ लाख आयफोन खपले. आदल्या वर्षीं त्याच काळांत ५ कोटी १२ लाखांच्या आसपास खपले होते. येणाऱ्या फोनविषयींच्या बातम्या लवकर आणि वारंवार येऊं लागल्यामुळें लोक खरेदी लांबणीवर टाकीत आहेत, असें कारण कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनीं त्या वेळीं सांगितलें.

मग आवई पिकवितो कोण आणि कशासाठीं? बातमी देणाऱ्या स्थळांना वाचकांच्या संख्येवर जाहिरातींचें उत्पन्न मिळतें. ‘नवें कांहीं नाहीं’ ही बातमी कोणी वाचीत नाहीं. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांना इतरांच्या अगोदर बोलण्यांत मान आणि मोबदला आहे. कंपन्यांनाहि अशा बोलण्यापासून फुकटची प्रसिद्धि मिळते. त्या तक्रार करतात, पण गूगलच्या उदाहरणावरून दिसतें त्याप्रमाणें कधीं स्वतःच त्या वाऱ्यांत शीडहि उभारतात. परंतु या सर्वांपेक्षां मोठा भागीदार म्हणजे ऐकणारा. जें ऐकावेंसें वाटतें तेंच माणूस पुढें सांगतो, आणि सांगतांना त्यांत आपल्या मनांतील दोन शब्द घालतो. ज्याच्या फोनची बॅटरी लवकर उतरते त्याच्या तोंडीं दोन दिवस चालणाऱ्या बॅटरीची बातमी असते. ज्याला पैशाची ओढ आहे त्याच्या तोंडीं स्वस्ताईची असते.

ही ओढ जेथें सर्वांत तीव्र तेथेंच फसगतहि सर्वांत मोठी, हें भारतानें फेब्रुवारी २०१६ मध्यें पाहिलें. नोएडा येथील एका कंपनीनें अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याचें जाहीर केलें. त्या फोनच्या सुट्या भागांचीच किंमत याच्या कित्येक पट होती. साध्या बेरजेनें ही गोष्ट न घडणारी ठरत होती. तरीहि मागणी नोंदविण्यासाठीं इतकी झुंबड उडाली कीं, कंपनीचें संकेतस्थळ पहिल्याच दिवशीं बंद पडलें. दाखविण्यासाठीं दिलेले नमुने दुसऱ्याच कंपनीचे असून त्यांवरील मूळ नांव झांकलेलें आहे, असें लौकरच उघडकीस आलें. ज्यांनीं नांव नोंदविलें होतें त्यांतील बहुतेकांच्या हातीं तो फोन कधींच पडला नाहीं. या लोकांना हंसणें सोपें आहे. परंतु ज्या देशांत मुलाचा अभ्यास, बँकेचा व्यवहार आणि दूर गेलेल्या माणसाचा आवाज हें सारें त्या एका यंत्रांतून येऊं लागलें होतें, तेथें ज्याला तें परवडत नाहीं त्यानें २५१ रुपयांवर विश्वास ठेवणें हा हव्यास नव्हे. ती गरज होती. आवई गरजेच्या दारांतून आंत शिरते, तेव्हां ती नुसती वावडी राहत नाहीं, लबाडी होते.

सुदैवानें भारतीय गिऱ्हाइकाची स्थिति पूर्वीपेक्षां पुष्कळ पालटली आहे. पहिला आयफोन भारतांत रीतसर विक्रीस आलाच नाहीं; दुसरा अमेरिकेनंतर सहा आठवड्यांनीं आला. २२ सप्टेंबर २०२३ रोजीं आयफोन १५ विक्रीस आला, तेव्हां मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांतील ॲपलच्या दुकानापुढें इतर देशांबरोबर त्याच दिवशीं रांग लागली होती, आणि भारतांत जुळविलेले फोनहि पहिल्या दिवसापासून विक्रीस होते. समुद्रापलीकडची ऐकीव गोष्ट आतां दाराशीं येऊन उभी राहते. म्हणून तिची पारख करण्याची जबाबदारीहि वाढली आहे.

ही पारख कठीण नाहीं. नवी आवई कानीं आली कीं प्रथम असें विचारावें: ही गोष्ट घडवावी लागणारी आहे कीं ठरवावी लागणारी? फोन जाड कीं पातळ, कॅमेरे दोन कीं तीन, हें ऐकून घ्यावें; किंमत, तारीख आणि ‘याच वर्षीं सुरू होणार’ ही ग्वाही ऐकून सोडून द्यावी. दुसरें असें विचारावें: सांगणाऱ्यानें मूळ वस्तु किंवा तिचा भाग पाहिला आहे, कीं दुसऱ्याच्या सांगण्याचा हवाला दिला आहे? दहा जणांनीं सांगितलें म्हणजे दहा साक्षी झाल्या असें नव्हे. २०११ च्या कव्हरांप्रमाणें त्या दहांचें मूळ एकच असूं शकतें. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें, स्वतःला विचारावें: हातांतील फोन आज काम देतो कीं नाहीं? देत असेल, तर वाट पाहण्यांत कांहींच जात नाहीं. देत नसेल, तर प्रत्येक दिवसाच्या अडचणीची किंमत त्या वाट पाहण्यांत धरली पाहिजे.

थांबणाऱ्यासाठीं एक आशा मात्र बरीच भरंवशाची आहे, आणि ती आवईवर नव्हे तर वहिवाटीवर उभी आहे. नवा फोन आला कीं जुन्याची किंमत बहुधा उतरते. भारतांत आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्यें ७९,९०० रुपयांना आला होता. पुढील सप्टेंबरांत आयफोन १६ त्याच किंमतीला जाहीर होतांच आयफोन १५ चा भाव ६९,९०० रुपये झाला. तेव्हां सप्टेंबर तोंडावर असतां महिनाभर कळ काढणें व्यवहाराला धरून आहे. मार्चमध्यें बंद पडलेला फोन घेऊन सप्टेंबरची वाट पाहणें नव्हे. तशीच पहिल्या दिवसाची घाईहि फायद्याची असतेच असें नाहीं. २००७ सालीं ज्यांनीं ८ जीबीचा पहिला आयफोन ५९९ डॉलरला घेतला, त्यांना दहा आठवडेहि झाले नाहींत तोंच तो ३९९ डॉलरला विकला जातांना पाहावा लागला. त्यांनीं इतका गिल्ला केला कीं, कंपनीला त्यांच्या नांवें शंभर डॉलरची खरेदीची सूट मांडावी लागली. शंभर डॉलर परत मिळाले. उरलेले शंभर उतावीळपणाच्या खातीं पडले.

नव्या वस्तूची उत्सुकता वाईट नव्हे. हीच उत्सुकता नसती, तर तबकडीच्या टेलिफोनपासून कांचेच्या फोनपर्यंतचा प्रवास झालाच नसता. कारखान्यांत नवें कांहीं घडत आहे हें जाणून घेण्यांत आनंद आहे, आणि तो आनंद घेण्यास कांहीं खर्चहि पडत नाहीं. खर्च पडतो तो, ऐकलेलें हातीं आल्यासारखें धरून चालण्याचा. म्हणींतील भटजींची चूक तुरींवर बोलण्यांत नव्हती. तुरी घरीं येण्यापूर्वी त्यांनीं हात उगारला, तेथें ते चुकले.